डोंगर त्रिकोणी नसतो

पहिली-दुसरीच्या वर्गात ‘देखावा काढा’ म्हणून सांगा आणि पंधरा मिनिटांनी वह्या गोळा करा. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खाचेत अर्धा सूर्य, सूर्याला काड्या, त्याच खाचेतून निघून थेट आपल्या अंगावर येणारी नदी, काठावर झोपडी, शेजारी एक नारळ आणि आभाळात टिकमार्कासारखे चार पक्षी. नाशिकच्या मुलाचं चित्र साताऱ्याच्या मुलीच्या चित्रावर ठेवलं तरी रेषा जुळतील. आणि सह्याद्रीत त्रिकोणी डोंगर शोधावा लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले, त्यातून हा डोंगर झाला. म्हणून त्याचा माथा पुष्कळदा सपाट, त्याखाली उभा कडा, कड्याखाली झाडीचा उतार, मग पुन्हा कडा, पुन्हा उतार. साताऱ्यात मान वर केली की अजिंक्यतारा दिसतो, सपाट माथ्याचा. पाचगणीच्या पठाराला तर लोक टेबललँडच म्हणतात. तरीही तिथल्या वह्यांत त्रिकोणच उतरतो, कारण मुलं डोंगर बघून डोंगर काढत नाहीत, फळ्यावरचा देखावा बघून देखावा काढतात.

मोठी माणसं त्रिकोण काढत नाहीत, पण त्यांचंही बघणं तिथेच अडलेलं असतं. पेन्सिलीचं निसर्गचित्र समोर आलं की दोनच शेरे ऐकू येतात. चित्र बारीक घोटलेलं असेल तर ‘वा, अगदी फोटोसारखं!’ आणि मोजक्या रेषांचं असेल तर ‘छान आहे, पण हे रफ आहे ना? पूर्ण कधी करणार?’ मूल चित्राची तुलना फळ्यावरच्या नमुन्याशी करतं, पालक फोटोशी करतात. त्या जागेशी, त्या डोंगराशी तुलना कुणीच करत नाही. साधं पेन्सिल-रेखाटन हे पुरं झालेलं चित्र आहे, त्याला वाचायची स्वतंत्र रीत आहे, आणि ती रीत शाळेत, स्पर्धेत नि संग्रहालयात मुद्दाम शिकवली पाहिजे, असं आमचं म्हणणं आहे. रीत म्हणजे काय, ते एका ठिकाणावरूनच बघू.

वाईचा गणपती घाट घ्या. चित्रकार समोरच्या काठावर, अगदी पाण्याजवळ बसला आहे. ए-फोर आकाराचा आडवा कागद, एचबी, २बी आणि ६बी अशा तीन पेन्सिली (बीचा आकडा जितका मोठा तितकी पेन्सिल मऊ नि काळी), अर्धा तास वेळ. समोर १७६२ साली गणपतराव रास्त्यांनी बांधलेलं ढोल्या गणपतीचं देऊळ, त्याची मागची बाजू पुराचं पाणी दुभंगावं म्हणून माशासारखी निमुळती केलेली. पायथ्याशी घाटाच्या पायऱ्या, खाली कृष्णा, मागे डोंगर.

आधी पायऱ्या बघा, कारण चित्रकार जागेवर बसला होता की नाही हे तिथेच उघड होतं. पायरीला दोन अंगं: पाय ठेवतो ती सपाटी आणि समोरून दिसणारी उंची. जी पायरी बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीखाली आहे तिचीच सपाटी दिसते. पातळीच्या वरच्या पायरीची फक्त उंची दिसते. पाण्याजवळ बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून जेमतेम तीन-चार फुटांवर. म्हणजे पलीकडच्या घाटाच्या तळातल्या मोजक्या पायऱ्या सोडल्या तर बाकी सगळ्या एकावर एक ठेवलेल्या आडव्या पट्ट्यांसारख्या दिसायला हव्यात. त्यातही खालच्या पायऱ्यांची सपाटी इतक्या लांबून दोरीएवढी बारीक. नवशिका मात्र प्रत्येक पायरीची सपाटी दाखवतो, अगदी वरच्या पायरीचीसुद्धा, कारण पायरीला सपाटी असते हे त्याला माहीत असतं. तो माहिती काढतो, दिसलेलं काढत नाही. अशा चित्रात घाट पुढे कलंडल्यासारखा वाटतो. काहीतरी चुकलंय हे बघणाऱ्याला जाणवतं, पण काय ते सांगता येत नाही. नदीचंही तसंच. इतक्या खालून पाहिलेलं पाणी कागदावर अरुंद पट्टी होऊन बसतं. ते रुंद काढलं की नदी आडवी न राहता भिंतीसारखी उभी राहते. फळ्यावरच्या देखाव्यातली अंगावर येणारी नदी ती हीच.

मग डोंगर. कडा आणि उतार या दोन गोष्टी दोन दिशांच्या रेषांनी सांगता येतात: कड्याला आखूड उभ्या रेषा, उताराला तिरक्या, सैल. बास. दगड नको, झाडं नकोत. या दोनच दिशा नीट पाळल्या तर चार इंच रुंदीच्या रेखाटनातही सह्याद्रीचे थर उठून दिसतात आणि हा हिमालय नव्हे हे लहान मूलही सांगेल. उलट तोच डोंगर बोटाने घोटून मऊ केला की त्याचं गाव जातं. तो कॅलेंडरवरचा कुठलाही डोंगर होतो. लांबचा डोंगर जवळच्या घाटापेक्षा फिका असावा हा नियम चित्रकलेच्या वर्गात सांगतात आणि तो बहुतेक वेळा खरा आहे. मधल्या हवेतली धूळ आणि बाष्प लांबच्या काळ्याला उजळवतात. पण पावसाची सर येऊन गेली, हवा धुतली गेली, की तोच डोंगर गडद होऊन हाताच्या अंतरावर आल्यासारखा वाटतो. जुलैतल्या चित्रात डोंगर गडद दिसला म्हणून लगेच चूक काढू नका. आधी ऋतू विचारा.

आता देवळाचा कळस आणि मागच्या डोंगराची कड. कळसाचं टोक त्या कडेला नेमकं टेकलं असेल तर चित्र तिथे फसलं. जवळचा कळस आणि लांबचा डोंगर एकमेकांना चिकटतात, मधली हवा नाहीशी होते. समोर तसं दिसत असलं तरी जाणता चित्रकार दोन फूट सरकून बसतो. मग कळस डोंगराच्या वर तरी निघतो किंवा त्याच्या पोटात तरी येतो. म्हणजे ‘जसं आहे तसं’ काढणाऱ्यानेही बसायची जागा ठरवलेली असते. चित्राचा पहिला निर्णय पेन्सिल उचलायच्या आधी झालेला असतो.

पाण्यातलं प्रतिबिंब ही अजून एक परीक्षा. सावली उन्हाच्या दिशेप्रमाणे तिरकी पडते, प्रतिबिंब नेहमी वस्तूच्या सरळ खाली. देऊळ कागदावर जिथे आहे त्याच्या लंबरेषेत खाली त्याचं प्रतिबिंब. ते तिरकं गेलं असेल तर चित्रकाराने सावली आणि प्रतिबिंब यांची गल्लत केली. शिवाय संथ पाण्यातसुद्धा उजळ भिंत थोडी गडद होऊन उतरते आणि काळा दगड थोडा फिका होतो. आरशासारखं हुबेहूब उलटं चित्र काढलं की पाण्याची काच होते. चांगला हात इथे चार-सहा आडव्या तुटक रेषा ओढतो आणि थांबतो.

राहिलं आकाश. या चित्रात ते कोरं आहे. ‘आकाश राहिलंय’ असा शेरा हमखास इथेच येतो. पण पेन्सिलीकडे पांढरा रंग नाही. कागद हाच तिचा एकमेव प्रकाश, आणि तो कुठे शिल्लक ठेवायचा हे आधी ठरवावं लागतं. आकाशात राखाडी भरलं तर घाटावरचं ऊन विझतं, कारण त्याच्यापेक्षा उजळ असं कागदावर काही उरतच नाही. दुसऱ्या टोकाला पेन्सिलीचा काळा रंगही मर्यादितच. ग्राफाइट चमकतं, ६बी जोर देऊन घासली की उजेडात तो भाग काळा दिसायच्या ऐवजी चकाकतो. म्हणजे खऱ्या घाटावर भर उन्हापासून गाभाऱ्याच्या अंधारापर्यंत जेवढा पल्ला आहे, त्याचा एक लहानसा तुकडाच पेन्सिलीच्या वाट्याला येतो. त्यात भागवायचं तर सर्वांत गडद जागा एक किंवा दोनच ठेवता येतात. या चित्रात ती देवळाच्या दारात आहे. डोळे किलकिले करून बघा: बारकावे विरघळतील आणि तीन थर उरतील, कोरं आकाश नि पाणी, मधला राखाडी डोंगर, गडद दार. हे तीन थर वेगळे राहत असतील तर चित्र उभं आहे. सगळं एकाच राखाडीत मिसळत असेल तर त्यात कितीही पानं मोजून काढलेली असोत, काही उपयोग नाही.

पानांचंच बोलायचं तर झाडात पानं काढणं ही सर्वांत लाडकी चूक. पिंपळ, वड, आंबा हे लांबून पानांनी ओळखू येत नाहीत. ओळखू येतात ते घेराने आणि त्या घेरातून दिसणाऱ्या आकाशाच्या फटींनी. आंब्याचा घेर भरीव, फटी जवळजवळ नाहीत. बाभळीत फटी जास्त आणि पालाच कमी. फटी नेमक्या जागी सोडल्या की झाड झालं.

थोडं साहित्याविषयी, कारण बरीच चित्रं हाताने नव्हे, सामानाने बिघडतात. पेन्सिलीतली कांडी म्हणजे ग्राफाइट आणि चिकणमाती यांचं भाजलेलं मिश्रण; फ्रान्समध्ये कॉन्ते नावाच्या संशोधकाने १७९५ साली ही रीत आणली आणि मातीचं प्रमाण बदलून कठीण-मऊ पेन्सिली करता येऊ लागल्या. माती जास्त तर एच, ग्राफाइट जास्त तर बी. लांबच्या डोंगरासाठी २एच बरी वाटते, पण जोर दिला की ती कागदात चर पाडते. तो चर खोडला तरी जात नाही आणि वरून २बी फिरवली की पांढऱ्या रेघेसारखा वर येतो. कागद साधा कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेच्या वहीचा जाडसर कागद चालतो, पण अंगाला थोडा दाणा, म्हणजे खरखरीतपणा हवा. गुळगुळीत कागदावर ग्राफाइट धरत नाही. बोटाने घोटू नये, यामागे सोवळंओवळं काही नाही. बोटाचं तेल कागदाला लागतं, दाणा बुजतो, मग त्या जागी दुसरा थर बसत नाही आणि डाग मात्र कायमचा राहतो. उजव्या हाताने काढणाऱ्याने डावीकडून सुरुवात करावी किंवा तळव्याखाली कोरा कागद ठेवावा. एवढंही न पाळल्याने चित्राच्या खालच्या अर्ध्या भागावर जो धुरकट पडदा येतो, त्याला पुष्कळ लोक ‘वातावरण’ समजतात!

आता फोटोचा मुद्दा. तासन्‌तास बसून फोटोइतकं बारीक चित्र काढणाऱ्यांच्या चिकाटीला नावं ठेवायचं कारण नाही, ते कसब आहेच. पण ते फोटो उतरवण्याचं कसब आहे, जागा बघण्याचं नव्हे. मोबाइलचा मुख्य कॅमेरा बराच रुंद कोन घेतो. त्यात पायाखालचा घाट अवाढव्य होतो आणि मागचा डोंगर मुंगीएवढा. जागेवर उभ्या माणसाला डोंगर तेवढा लहान कधीच वाटत नाही. फोटोत भर उन्हातली सावली काळी ठार पडते. डोळ्याला मात्र त्या सावलीतला दगड, कोनाडा, बसलेला माणूस सगळं दिसत असतं. फोटोवरून काढलेलं चित्र या दोन खुणांवरून ओळखता येतं: दबलेला डोंगर आणि आत काहीच नसलेली सावली. तेव्हा ‘फोटोसारखं’ म्हणताना आपण कशाची स्तुती करतोय? बऱ्याचदा कॅमेऱ्याच्या दोषाची.

जागेवरचा चित्रकार वेळेशीही झगडत असतो. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, म्हणजे अर्ध्या तासात साडेसात अंश. तेवढ्यात देवळाच्या कोनाड्यातली सावली बदललेली असते. म्हणून अनुभवी माणूस पहिल्या पाच मिनिटांत सावल्यांच्या कडा आखून घेतो आणि नंतर त्या हलवत नाही, प्रत्यक्षात हलल्या तरी. एका चित्रात दीपमाळेची सावली उजवीकडे आणि तिच्या शेजारच्याच झाडाची डावीकडे असेल तर चित्रकार सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा बसला होता, किंवा बसलाच नव्हता.

रेखाटन म्हणजे फक्त पूर्वतयारी, खरं चित्र रंगीत, हा समज इतिहासालाही धरून नाही. इंग्लंडचा निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबल याने १८१४ च्या खिशात मावणाऱ्या वहीत होडी बांधण्याचा एक देखावा पेन्सिलीने टिपला आणि पुढच्या वर्षी त्यावरून तैलचित्र प्रदर्शनात मांडलं. आज ते तैलचित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे आणि ती वहीही तिथेच, तितक्याच निगुतीने जपलेली. आपल्याकडे हे लांबचं वाटायचं कारण नाही. १७९० च्या दशकात पुण्यात पेशवे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी मॅलेट याच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली होती. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स तिथे शिकवत होता आणि त्याच्याकडे तयार झालेल्या गंगाराम तांबट या पुणेरी माणसाने वेरूळच्या लेण्यांची रेखाटनं केली. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट निघायला (१८५७) अजून साठेक वर्षं होती. गंगारामच्या रेखाटनांचा मोठा साठा आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. पुण्यात किती चित्रकला-शिक्षकांना हे नाव माहीत असेल? आपली निसर्गचित्रणाची परंपरा सांगताना आबालाल रहिमान, परांडेकर, हळदणकर ही नावं येतात आणि डोळ्यांसमोर रंग येतात. पेन्सिल कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही.

शाळेत काय होतं? शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, राज्यभरात मुलं देतात. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती नि अक्षरलेखन असे पेपर असतात. समोरचं बघून काढायचं ते टेबलावरचा तांब्या, फळं आणि मागचा पडदा. बाहेरचं जग येतं ते स्मरणचित्रात, आठवणीतून. हजारो मुलांना एका वेळी घाटावर बसवता येत नाही ही अडचण खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याचा परिणाम असा की स्मरणचित्रासाठी क्लासमध्ये बाजार, जत्रा, बसस्टॉप, पावसाळ्याचा दिवस हे साचे पाठ करून घेतात. आठवण म्हणजे पाहिलेल्याची आठवण, हे विसरून घोटवलेल्याची आठवण तपासली जाते. शिवाय कोरा कागद दिसला की गुण जातील अशी भीती शिक्षकांनीच घातलेली असते. मुलं शेवटच्या दहा मिनिटांत आकाश निळ्याने भरून काढतात. हौशी स्पर्धांतही तेच. ‘रंगसाहित्य स्पर्धकाने आणावे’ ही ओळ नियमांत असतेच; केवळ पेन्सिलीचं निसर्गचित्र असा गट क्वचित. आणि जिथे असतो तिथे बक्षीस जातं ते सर्वांत जास्त घासलेल्या कागदाला.

कुणी म्हणेल, मुलांना रंग आवडतात, त्यांचा आनंद का हिरावता? रंग काढून घ्यावेत असं आम्ही म्हणतच नाही. पण रंग हातात आले की मूल ‘डोंगर कोणत्या आकाराचा’ हा प्रश्न सोडून ‘डोंगर कोणत्या रंगाचा’ याकडे वळतं, आणि त्याचं उत्तर खडूच्या पेटीत तयार असतं. पेन्सिलीच्या पेटीत उत्तर नसतं. आणि दहा रुपयांच्या आत येणारी पेन्सिल ज्याच्याकडे आहे ते मूल आणि पन्नास रंगांचा डबा ज्याच्याकडे आहे ते मूल, दोघं निदान त्या अर्ध्या तासापुरती एका पायरीवर येतात. हा मुद्दा आम्हाला बाकी सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो.

संग्रहालयांची बाजूही समजून घ्यायला हवी. कागदावरची चित्रं कपाटात ठेवतात ती तुच्छतेने नव्हे. ग्राफाइट उजेडाने उडत नाही, पण कागद पिवळा पडतो, ठिसूळ होतो. म्हणून अशा चित्रांवर सुमारे ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) जास्त प्रकाश टाकू नये असा जगभरचा संकेत आहे. तेवढ्या मंद उजेडात तीन-चार महिने मांडायची, मग कपाटात विश्रांती द्यायची आणि दुसरी काढायची, असा फेरा सहज शक्य आहे. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. एक खोली, जाड पडदे, मंद दिवे आणि चित्रासमोर दोन फुटांवर उभं राहता येईल एवढी जागा पुरते. लागते ती ‘ही चित्रं दाखवण्यालायक आहेत’ ही खात्री. घरी लावायचं असेल तर काच कागदाला चिकटू देऊ नका, मधे माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची फट ठेवा, आणि खिडकीसमोरची भिंत टाळा.

स्पर्धा भरवणाऱ्यांसाठी एक सूचना, जी अमलात आणायला पैसा लागत नाही. विषय ‘निसर्ग’ देऊ नका. ‘शाळेच्या व्हरांड्यातून दिसणारा डोंगर’ द्या. शहरातली शाळा असेल तर समोरची टाकी, चाळ, गुलमोहर, जे दिसेल ते. फक्त पेन्सिल, वीस मिनिटं, खोडरबर परीक्षकाच्या टेबलावर. आणि परीक्षकांनी चित्रं हॉलमध्ये आणून टेबलावर मांडू नयेत. त्याच व्हरांड्यात उभं राहून एकेक कागद डोंगराच्या शेजारी हात लांब करून धरावा आणि मोजावं: समोर कड्याच्या पट्ट्या किती आहेत आणि मुलीने किती काढल्यात. समोर तीन असतील, तिने तीन काढल्या असतील आणि आकाश कोरं सोडलं असेल, तर त्या कागदावर ‘अपूर्ण’ असा शेरा लिहू नये.